रतांबे सडू देऊ नका. सरबत करा, पण मापाने

वैशाख सरत आला की कोकणातल्या शेतकऱ्याला उसंत नसते. आंब्याची शेवटची तोड, लाकूडफाटा आत घेणे, घर शाकारणे, तरव्याची तयारी, सगळे एकदम अंगावर येते. या धांदलीत परड्यातल्या रतांब्याकडे बघायला वेळ कोणाला? झाड मात्र नेमके त्याच वेळी लाल होते. मग वळवाचा एक पाऊस येतो, फळ खाली पडते आणि चिखलात जाते. अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांना बुरशी धरते. दर वर्षी आपण हळहळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच होते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आमसूल करायचे तर लागोपाठ काही दिवस कडक ऊन पाहिजे. सरबत किंवा आगळ करायला उन्हाची गरज नाही. म्हणजे आभाळ भरून आले तरी हाताशी आलेले फळ वाचवता येते. वाऱ्याने पडलेल्या कैरीचेही तसेच. बाजारात तिला भाव नाही, पण पन्ह्याला ती चालते.

मग अडते कुठे? अडते ते मापात. आपल्या घरोघरी सरबत होते, पण ते अंदाजाने. घरात आठ दिवसांत संपते तोवर काही कळत नाही. तेच सरबत बाटलीत भरून चार महिने ठेवले, पाहुण्याला दिले किंवा बचत गटातून विकले की मग कळते. बाटली फसफसते, बूच उडते, गिऱ्हाईक परत येते ते भांडायला. एकदा नाव गेले की दुसऱ्या वर्षी त्या गटाची बाटली कोणी हातात धरत नाही. साखर वाया, श्रम वाया आणि पत गेली ती वेगळीच. हे सगळे टळू शकते. त्यासाठी कारखाना लागत नाही, लागतो तो वजनकाटा.

सरबत फसफसते का?

सिंदीच्या झाडाची नीरा पहाटे गोड असते आणि ऊन चढले की तिची ताडी होऊ लागते, हे सर्वांना माहीत आहे. सरबतातही तेच घडते. फळाच्या सालीवर आणि हवेत डोळ्यांना न दिसणारे किण्वजंतू असतात, त्यांना यीस्ट म्हणतात. त्यांना साखर आणि पाणी मिळाले की ते साखरेचे मद्यार्क आणि वायू बनवतात. वायूने बाटलीत दाब वाढतो. काचेची बाटली असेल तर ती फुटून इजाही होऊ शकते. सरबताला फेस आला, आंबूस वास आला किंवा वर पांढरी साय धरली तर ते ओतून द्या. "उकळून घेतले की चालते" असे म्हणून ते पोराबाळांना देऊ नका.

हे जंतू रोखायचे मार्ग तीन आहेत. पहिला, साखर किंवा मीठ इतके घालायचे की जंतूंना वाढायला पाणीच मोकळे मिळू नये. दुसरा, उष्णता देऊन ते मारायचे आणि बाटली घट्ट बंद करायची. तिसरा, ठराविक प्रमाणात परिरक्षक घालायचे. ज्याला जो मार्ग लागू आहे तो नीट पाळला की पेय टिकते. तिन्ही अर्धवट केले की काहीच टिकत नाही.

आधी पाणी बघा

फळ कितीही चांगले असो, पाणी दूषित असेल तर सरबतही दूषित. विहिरीचे किंवा झऱ्याचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी उकळून, गाळून, गार करूनच वापरा. गावच्या पाण्याच्या स्रोताला आरोग्य विभागाकडून हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळाले आहे हे ग्रामपंचायतीत विचारा. तो तुमचा हक्क आहे. सरपंचांनी आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनीही उन्हाळी यात्रा-जत्रेच्या आधी पाण्याचे नमुने तपासून घ्यावेत. जत्रेत सरबताच्या गाड्या लागतात, त्यांना पाणी कुठले आणि बर्फ कुठला हे विचारायला कोणीतरी हवे. मासळी ठेवायचा बर्फ आणि खायचा बर्फ वेगळा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ मध्ये आला आहे. निळसर बर्फ सरबताच्या गाडीवर दिसला तर तिथेच थांबवा.

कोकमाचे सरबत: एकास दोन

पूर्ण पिकलेले, लालभडक, न फुटलेले रतांबे घ्या. जमिनीवर पडून चिरलेले आणि किडलेले बाजूला काढा. फळ स्वच्छ पाण्यात धुवा आणि फडक्याने अगदी कोरडे पुसा. ही पायरी बायामाणसे घाईत गाळतात आणि तिथेच पाणी आत शिरते. फळाचे दोन भाग करून बी आणि गर काढा. आता राहिलेल्या सालीचे वजन करा. अख्ख्या फळाचे नव्हे, सालीचे.

एक किलो सालीला दोन किलो साखर हे प्रमाण. काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत तळाला साखर, त्यावर साल, पुन्हा साखर असे थर द्या. सर्वांत वर साखरेचा थर हवा. तोंडाला स्वच्छ फडके बांधा. रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने तळापासून हलवा. आठवडाभरात साखर विरघळते आणि दाट लाल पाक सुटतो. तळाला साखर राहिली असेल तर आणखी एक-दोन दिवस थांबा. मग पाक गाळून घ्या. त्यात चवीपुरते मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. जिरे ओले असता कामा नये.

ॲल्युमिनियमचे, लोखंडाचे किंवा कल्हई उडालेले तांब्या-पितळेचे भांडे यासाठी वापरू नका. कोकम फार आंबट, ते धातू खाते आणि तो धातू आपल्या पोटात जातो. प्लॅस्टिकची बरणी घ्यायची तर ती खाद्यपदार्थांसाठी बनवलेलीच हवी, रंगाचा किंवा औषधाचा जुना डबा नको.

आता एकास दोन हेच प्रमाण का, ते समजून घ्या. एक किलो ताज्या सालीत सुमारे ८०० ग्रॅम पाणी धरा. त्यात दोन किलो साखर विरघळली की एकूण २,८०० ग्रॅम पाक झाला आणि त्यात साखर पडली १०० ला ७१. फळांच्या पाकात विद्राव्य घटक निदान ६५ टक्के असावेत असा नियम आहे, त्याच्या आपण वर राहिलो. आता साखर महाग म्हणून कोणी एक किलोच घातली, तर १,८०० ग्रॅममध्ये एक किलो, म्हणजे १०० ला ५६ सुद्धा नीट नाही पडत. असा पाक परिरक्षकाशिवाय आंबायला वेळ लागत नाही. साखरेत वाचवलेले पैसे बाटलीबरोबर जातात ते असे.

प्यायच्या वेळी एक वाटी पाकाला पाच ते सहा वाट्या गार पाणी घाला. पाणी प्यायच्या वेळीच, आधी घालून ठेवू नका. पाणी मिसळलेले सरबत त्याच दिवशी संपवा.

गाळून उरलेली साल टाकू नका. तिची चटणी होते, मुले तशीच खातात. बी धुऊन वाळवा, तिच्यातून कोकमतेल म्हणजे आपले भिरंडेल निघते. टाचांच्या भेगांना ते आपल्या आज्या लावत आल्या आहेत.

आगळ: साखर परवडत नसेल तर

सोलकढीसाठी आगळ तर हवेच. इथे साखरेचे काम मीठ करते. एक किलो सालीला १५० ते २०० ग्रॅम मीठ लावून बरणीत भरा, रोज हलवा, आठवड्याने रस गाळून घ्या. मिठाचे प्रमाण कमी केले तर वर बुरशी येते. खर्च साखरेच्या मानाने अगदी थोडा, म्हणून पाऊस दारात आला आणि फळ फार आहे अशा वेळी पहिले आगळ करून ठेवावे. साखर नसल्यामुळे मधुमेही माणसालाही ते पाण्यातून थोडे घेता येते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मात्र मिठाकडे लक्ष ठेवावे.

पडलेल्या कैरीचे पन्हे

घरात रोज प्यायचे पन्हे गुळाचेच चांगले. कैरी उकडायची, गर काढायचा, गूळ, वेलची, मीठ घालायचे आणि एक-दोन दिवसांत संपवायचे. ते टिकवण्याच्या भानगडीत पडू नका.

टिकाऊ पन्हे वेगळे. त्याला स्क्वॅश म्हणतात. नियमाप्रमाणे स्क्वॅशमध्ये फळाचा गर किंवा रस १०० ला निदान २५ आणि विद्राव्य घटक निदान ४० हवेत. घरी करायला सोपे माप असे. कैरी धुऊन उकडा, गर चाळणीतून गाळा आणि वजन करा. एक किलो गर, १,८०० ग्रॅम साखर आणि १,२०० मिलिलिटर पाणी घ्या. साखर-पाणी उकळून मळी काढा, गाळा आणि गार करा. मग त्यात गर मिसळा. हे सुमारे चार किलो होते. गर त्यात बरोबर चौथा हिस्सा आणि साखर १०० ला ४५, म्हणजे दोन्ही बाजूंनी नियमात. पिताना एक भाग स्क्वॅशला तीन भाग पाणी.

इथे साखर ६५ च्या खाली आहे, म्हणून परिरक्षक लागतेच.

परिरक्षक: चिमूट नव्हे, ग्रॅम

परिरक्षक म्हटले की काही जण बिचकतात, तर काही जण "थोडे जास्त घातले तर जास्त टिकेल" म्हणून मूठभर टाकतात. दोन्ही चूक. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत ते चालते, मर्यादेबाहेर गुन्हा आहे.

दोन पावडरी लक्षात ठेवा. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ही कैरी, लिंबू, संत्रे, अननस अशा पिवळ्या-पांढऱ्या पेयांना. मात्रा एक किलो तयार पेयाला ०.६ ग्रॅम. सोडियम बेंझोएट ही कोकम, जांभूळ, करवंद अशा लाल-जांभळ्या पेयांना. मात्रा एक किलोला ०.७ ग्रॅम. अदलाबदल करू नका. पहिली पावडर लाल पेयात घातली तर फळाचा नैसर्गिक रंग उडतो, आणि मग रंग परत आणायला माणूस बाजारातला रंग शोधू लागतो. कोकमाला वरून रंगाची गरज नसते, हे तर आपले भांडवल आहे. दुसरे असे की या पावडरी आंबट पेयातच काम करतात. गोडमिट्ट, आंबटपणा नसलेल्या पेयात त्यांचा भरवसा नाही.

अर्धा-पाऊण ग्रॅम मोजायचे कसे? घरच्या काट्यावर ते कळत नाही. सोनाराच्या काट्यावर १० ग्रॅम पावडर तोलून आणा. ती उकळून गार केलेल्या थोड्या पाण्यात विरघळवा आणि एकूण १०० मिलिलिटर होईल इतके पाणी घाला. आता दर मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम पावडर आहे. औषधाच्या दुकानातली नवी, सुई नसलेली १० मिलिलिटरची पिचकारी घ्या. एक किलो कैरी स्क्वॅशला ६ मिलिलिटर, एक किलो जांभळाच्या किंवा कोकमाच्या पेयाला ७ मिलिलिटर. चार किलो पन्ह्याला २४ मिलिलिटर झाले. पेय गार झाल्यावरच घाला आणि सगळीकडे नीट ढवळा. मेटाबायसल्फाइटचे पाणी ठेवून त्याचा जोर कमी होतो, म्हणून ते त्याच दिवशी करावे आणि उरले तर फेकावे. त्याचा वास उग्र असतो, तोंड जवळ नेऊ नका. दम्याच्या काही रुग्णांना हे मानवत नाही, म्हणून बाटलीवर त्याचे नाव लिहिणे आवश्यक आहे. पावडर घेताना खाद्य प्रतीचीच मागा.

बाटली, बूच आणि जागा

काचेच्या बाटल्या साबणाने धुऊन मोठ्या पातेल्यात, तळाला फडके घालून, पाण्यात अर्धा तास उकळा. बाहेर काढून उलट्या ठेवून पूर्ण वाळू द्या. बुचेही नवी आणि धुतलेली हवीत. भरताना वर बोटभर जागा सोडा. बूच लावल्यावर तोंडावर वितळलेले मेण ओतले की हवा शिरत नाही. बाटल्या काळोख्या, थंड जागेत ठेवा. दारूच्या किंवा कीटकनाशकाच्या जुन्या बाटल्या धुऊन वापरणे पूर्ण टाळा. कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी ती बाटली विषाचीच.

सुवासाचे पाणी रोजचे रोज

वाळ्याच्या मुळ्या धुऊन, फडक्यात बांधून माठात सोडल्या की पाण्याला सुरेख वास येतो. कोणी मोगऱ्याची चार फुले टाकतात, कोणी तुळशीची पाने, कोणी जिरे भिजवून पाणी गाळतात. शेतावर कामाला आलेल्या माणसांना असा माठ सावलीत भरून ठेवला तर कोणाला नको होईल? यात साखर नाही, खर्च नाही. पण हे पाणी बाटलीत भरून विकण्याचे नव्हे. त्यात साखर, आंबट, मीठ काहीच नाही, तेव्हा जंतूंना रोखणारेही काही नाही. पाणी रोज बदला, फुले-पाने रोज काढा, वाळा दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात खडखडीत वाळवा आणि मग पुन्हा वापरा. ताकाचेही तेच, सकाळी घुसळलेले संध्याकाळपर्यंत संपवावे.

विकायचे तर कागद नीट करा

"घरातच करतो, आम्हाला कशाला परवाना?" असे पुष्कळ जण म्हणतात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे आणि त्याखालचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. फळांच्या पेयांसाठी पूर्वी असलेला १९५५ चा आदेश त्यामुळे गेला. नव्या कायद्यात घरगुती उत्पादकालाही नोंदणी लागते. लहान उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, ती ऑनलाइन होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तुमच्या उलाढालीला काय लागू आहे ते अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. मध्यस्थाला पैसे देण्याआधी स्वतः जाऊन या.

बाटलीच्या चिठ्ठीवर पेयाचे नाव, घटक, परिरक्षक, निव्वळ माप, करणाऱ्याचा पत्ता, घाण्याचा क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, किंमत, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक हवा. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याचा शिक्का वापरायचा तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते, नुसता छापून चालत नाही.

हिशेबही कागदावर करा. फळ घरचे म्हणून फुकट धरू नका. बाजारात रतांब्याला जो दर मिळाला असता तो लिहा. मग साखर, बाटली, बूच, चिठ्ठी, जळण, वाहतूक आणि बायकांची मजुरी. हो, घरच्या बाईची मजुरीसुद्धा. पाच जणी आठ दिवस बी काढत बसल्या तर ते काम आहे, हौस नव्हे. एवढे सगळे मांडून एका बाटलीला किती पडले ते काढा आणि मग विकायचा भाव ठरवा. शेजारच्या गावचा गट स्वस्त विकतो म्हणून आंधळेपणाने भाव पाडू नका.

गावाने काय करावे

प्रत्येक घराने महागडी साधने घ्यायची गरज नाही. ग्रामपंचायतीने किंवा गावातल्या गटांनी मिळून हंगामापुरती तीन साधने ठेवावीत. एक बारीक मापाचा इलेक्ट्रॉनिक काटा, एक तापमापक आणि एक रिफ्रॅक्टोमीटर. या शेवटच्या छोट्या नळीवर पाकाचा एक थेंब टाकला की विद्राव्य घटक किती टक्के ते दिसते. ६५ च्या वर आकडा आला की पाक भरा, खाली आला तर आणखी साखर घाला. अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात कोकमावर आणि फळप्रक्रियेवर बरेच काम झालेले आहे. सहायक कृषी अधिकाऱ्यांमार्फत तिथून माहिती आणि प्रशिक्षण मागवा. पाऊस पडल्यावर नव्हे, चैत्रातच मागवा.

पहिल्या वर्षी दोन किलो सालीपासून सुरुवात करा. एक वही घाला. फळ कुठल्या झाडाचे, साल किती, साखर किती, पाक किती निघाला, तारीख काय, सगळे लिहा. आणि प्रत्येक घाण्यातली एक बाटली विकू नका, कोणाला देऊ नका. तारीख लिहून फळीवर ठेवा आणि महिन्या-महिन्याने बघा. ती किती दिवस चांगली राहिली, त्यावरून पुढच्या वर्षी चिठ्ठीवर किती मुदत लिहायची ते ठरवा. चिठ्ठीवरची तारीख दुसऱ्याच्या बाटलीवरून उतरवून घेऊ नका.